मोकळं फिरणारं स्टिअरिंग

इसिडोर मिरांडाला मी फारसा ओळखत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो. त्याचा जन्म कधीचा, त्याला भावंडं किती, तो रागावला की काय करायचा, यातलं मला काही माहीत नाही. दुरुस्तीच्या कामाने तो यायचा ते सोडलं, तर आमची संगत एकोणीस दिवसांची, आणि नंतरची एक दुपार. त्याची बायको मॉनिकाबाई म्हणाली, "तेव्हा तुम्हीच होता त्याच्याजवळ, तुम्हीच लिहा." म्हणून लिहायला बसलो. मी भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होतो. तिथे सही करण्यापलीकडे लिहिण्याचा प्रसंग आला नाही. चुकलंमाकलं तर समजून घ्यावं.

रिटायर झाल्यावर मी जोगेश्वरीला घराच्या पडवीत स्टोव्ह, कुलपं, पाण्याचे पंप असलं काहीबाही दुरुस्त करत असे. अंधेरीला महाकाली लेण्यांच्या बाजूला टेकाडावर धरमसीसेठचा बंगला होता. तिथला पंप बिघडला की इसिडोर तो खांद्यावर टाकून माझ्याकडे आणायचा. खाकी टोपी, खाकी शर्ट, पायांत स्वच्छ बूट. "मी सेठच्या मोटारीवर ड्रायव्हर," असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी मान डोलावली. तो गेल्यावर माझी बायको रुक्मिणी म्हणाली, "ड्रायव्हराचे बूट इतके सोच्छ?" मी तिला गप्प केलं.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. गणपती जाऊन आठवडा झाला होता. इसिडोर पंप न घेताच आला आणि पडवीच्या पायरीवर बसला.

"लवू, तुला स्टिअरिंगचं कळतं काय रे?"

"मोटारीचं? नाही बाबा. लेथचं कळतं."

"लेथचं कळतं म्हणजे कळतं. चल."

वाटेत त्याने सगळं सांगितलं. सेठ जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. सेठाणी त्या उन्हाळ्यात गेली. नातवाने बंगला बिल्डरला दिला. शेडमध्ये सेठची जुनी मोटार होती, विसाच्या-पंचविसाच्या सालातली. नातू म्हणाला, "इसिडोर, तू एवढी वर्षं सांभाळलीस, तूच घेऊन जा. पण सात ऑक्टोबरच्या आत. आठ तारखेला भंगारवाला येणार."

आणि इसिडोरने त्याच संध्याकाळी गावठाणात जाऊन शब्द देऊन टाकला होता.

हे गावठाण त्याच टेकाडाच्या पायथ्याशी. इसिडोरचं सगळं गोत तिथलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा आगेरा असतो, नव्या भाताचा सण. पहिल्या लोंब्यांची पेंढी गावच्या क्रुसापासून बैलगाडीतून वाजतगाजत चर्चला न्यायची, फादर तिच्यावर पाणी शिंपडतात. शेतं केव्हाच गेली होती. पेंढी मॉनिकाबाईच्या माहेराहून, मनोरीहून होडीने यायची. त्या वर्षी गावातला शेवटचा बैलही मेला. टेम्पो करू, असं ठरत होतं. तेव्हा इसिडोर उठून म्हणाला, "टेम्पो कशाला? माझ्या मोटारीतून जाईल पेंढी. मी चालवतो."

बँडवाला अर्बन त्याच्या बरोबरीचा. तो म्हणाला होता, "बैल मेला म्हणून मोटारीला जू लावतोस काय रे?" सगळे हसले, इसिडोरही हसला. पण शब्द दिलेला होता, आणि सात ऑक्टोबर रविवारच होता.

त्याने शेडचं दार उघडलं. काळी मोटार. बत्तीस वर्षं उभी, पण धूळ म्हणून नाही. पितळेचे दिवे चिंचेने घासलेले. स्प्रिंगा बसू नयेत म्हणून ठोकळ्यांवर चढवलेली. दर रविवारी चर्चमधल्या मासवरून आला की तो तिला धुवायचा. सेठाणीचा तसा हुकूमच होता. तिने आणखी एक हुकूम केला होता, तो मला पुढे कळला.

"बस आत," तो म्हणाला. मी बसलो. तो बाहेरच उभा राहिला.

"फिरव."

मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. ते फिरलं. आणखी फिरलं. फिरतच राहिलं, बाळाच्या पाळण्यावरच्या भिरभिऱ्यासारखं. पुढची चाकं जागची हलली नाहीत.

"तुटलंय," मी म्हणालो.

"तेच," तो म्हणाला. "नीट होईल ना?"

मला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना दोष आहे.

इंजिनाचा प्रश्न नव्हता. ते चालू होणं शक्यच नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. बंगल्यापासून क्रुसापर्यंत उतार होता, पुढे पोरं ढकलणार होती. ब्रेक धरत नव्हते, म्हणून उतारावर मागून दोर धरून आवरायची. टायरांत हवा राहत नव्हती, तिथे आम्ही सुकं गवत आणि चिंध्या ठासल्या. राहिलं फक्त स्टिअरिंग.

पहिले सहा दिवस मी गाडीखाली घालवले. खालची पेटी उघडली. आतले दाते शाबूत, ग्रीस सुकून डांबरासारखं झालेलं. रॉकेलने धुऊन काढलं. दांडा हाताने फिरवला तर चाकं जड जड का होईना, वळली. म्हणजे खालचं सगळं ठीक. बिघाड वर होता, दांडा आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये. आतली चावी म्हणजे पाचर झिजून गेली असणार, असं मी ठरवलं.

स्टिअरिंगच्या मधोमध पितळेचा जाड गट्टू होता, चार स्क्रूंनी झाकण बसवलेलं, आणि झाकणात एक किल्लीचं भोक. भोकाभोवतीचं पितळ किल्लीने घासून चमकत होतं. मी विचारलं, "हे काय आहे?"

इसिडोर जरा थांबला. मग म्हणाला, "दिव्याचा स्विच. सेठ इथूनच दिवे लावायचा."

त्याच्या जुडग्यात त्या भोकाची किल्ली होती. मी घातली, फिरवली. आत बारीकसं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. दिवे लागले नाहीत, पण बॅटरीच नव्हती तर लागणार कुठून? मी किल्ली उलटी फिरवली आणि काढून घेतली.

फिटरचा हात होता माझा. दिव्याच्या स्विचमध्ये असं काही सरकत नाही, हे हाताला कळलं होतं. चार स्क्रू काढून पाहायला अर्धा तास लागला असता. पण स्क्रू गंजलेले, आणि इसिडोर म्हणाला, "ते नको उघडू, वायरी तुटतील." ड्रायव्हर सांगतोय, आपण कोण, असं मला वाटलं. तो ड्रायव्हर आहे यावर मी कधी शंका घेतली नाही. घेतली असेल तर ती तोंडावर आणली नाही. दोन्ही एकच.

दुपारी मॉनिकाबाई आउटहाउसमधून चहा आणायची. बंगल्यामागे त्यांची एक खोली होती. चहा पिताना इसिडोर खुलायचा. एकदा त्याने सेठची नक्कल केली. हातात चहाची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची थाळी घेतली, स्टिअरिंग म्हणून. चपला काढल्याचा आविर्भाव केला, हात जोडले, मग डोळे मिटून थाळी अगदी सावकाश फिरवली, एक पूर्ण फेरा.

"आधी नमस्कार. मग किल्लीची टिकटिक, घंटी वाजवल्यासारखी. मग चाकाची एक प्रदक्षिणा. मगच हँडल मारायला सांगणार. कितीही घाई असो. सेठाणी सारखी ओरडायची, अहो, उशीर होतोय! पण सेठची प्रदक्षिणा झाल्याबिगर गाडी हलत नसे. तुमच्यात असतं काय रे असं, लवू?"

"आमच्यात नाही. आम्ही दसऱ्याला हार घालतो नि लिंबू ठेवतो. सेठ भाटिया ना, भाटियांत असेल."

"मी पण तेच म्हणायचो. भाटियांचा काहीतरी देव असेल चाकाचा."

आम्ही दोघेही हसलो. त्याला वाटलं हिंदूंची पूजा आहे, मला वाटलं भाटियांचा रिवाज आहे. दुसऱ्याच्या देवधर्मात आपण बोट घालू नये, एवढं शहाणपण दोघांनाही होतं.

चौदाव्या दिवशी मी ठरवलं की गट्टूच्या बाजूने दांड्यातून आरपार भोक पाडायचं आणि लोखंडी पिन ठोकायची. म्हणजे स्टिअरिंग आणि दांडा एकजीव. कडक पोलादाची पिन हवी होती. ती माझ्या जुन्या टूलरूममध्ये डबाभर पडलेली असायची. पण तिथे जाऊन मागायची मला लाज वाटली. नवीन माणसं, कोण ओळखणार, असं मनाशी म्हणत दोन दिवस काढले, आणि शेवटी जोगेश्वरीच्या हार्डवेअरवाल्याकडून दोन सुताची, म्हणजे पाव इंची, नरम सळई आणली. रुक्मिणी म्हणाली, "तुमचे हात थरथरतत हल्ली. दुसऱ्या कोणाक तरी सांगा." मी ऐकलं नाही.

ड्रिल लावण्याआधी माझा हात अडला. चांगल्या वस्तूला भोक पाडताना नेहमी अडतो. मी म्हटलं, "इसिडोर, शकुन म्हणून एकदा सेठसारखं करूया काय? नमस्कार, किल्ली, प्रदक्षिणा. मग पाडतो भोक."

तो हसला. "नको रे बाबा. फादर रविवारी पाणी शिंपडणार आहेत. एका गाडीत दोन देव कशाला? भांडतील."

"बरं," मी म्हणालो. आणि भोक पाडलं.

पिन बसली. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळली. इसिडोरने मला मिठी मारली. मला आजवर कुणी अशी मिठी मारलेली नाही. मी अवघडून उभा राहिलो. "झकास, लवू, झकास!" म्हणत तो मॉनिकाबाईला बोलवायला धावला.

शनिवारी तो पहिल्यांदा आत बसला. सेठाणीचा दुसरा हुकूम हाच होता, की मोटारीत कुणी बसायचं नाही. तिच्या माघारी चार महिने झाले तरी स्वतःपुरता त्याने तो मोडला नव्हता. सीटवर त्याने आधी स्वच्छ पंचा अंथरला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग खाली पायांकडे बघत राहिला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "यातलं ब्रेकचं कुठलं?"

मला तेव्हा सगळं कळलं. ही मोटार सेठ स्वतःच चालवायचा. इसिडोर नव्याने लागलेला पोऱ्या, धुणारा आणि हँडल मारणारा. लग्नाच्या वेळी मनोरीच्या माणसांना त्याने ड्रायव्हर म्हणून सांगितलं असेल, मग गावाला तेच सांगितलं, मग सेठच गेला आणि मोटार उभीच राहिली. खोटं पडायची वेळच आली नाही. गॅरेजच्या मिस्त्रीकडे न जाता तो माझ्याकडे का आला, तेही कळलं. गॅरेजवाल्याने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

मी म्हणायला हवं होतं, "मग दिव्याच्या स्विचचं तुला कोणी सांगितलं?" एवढा एकच प्रश्न. पण तो प्रश्न विचारणं म्हणजे त्याला उघडं पाडणं होतं. मी वाकून पाहिलं आणि म्हणालो, "मधलं असणार." तो म्हणाला, "हां, मधलंच. खूप वर्षं झाली ना." मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी मासनंतर गाव टेकाडावर आलं. बायका लुगडी नेसून, गळ्यात सोनं घालून. अर्बनचा बँड. मोटारीला झेंडूच्या माळा. दहाबारा जण मागे दोर धरून. इसिडोर खाकी टोपी घालून आत. मी बाजूने चालत होतो.

गाडी हलली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. फाटकातून बाहेर आली. पहिलं छोटं वळण त्याने घेतलं, दुसरं घेतलं. त्याचा चेहरा मी बघत होतो. तसा त्याचा चेहरा मी नंतर पाहिला नाही.

खाली क्रुसाजवळ रस्ता डावीकडे वळतो, समोर गावची विहीर आहे. क्रुसाच्या पायरीवर मॉनिकाबाई पेंढी घेऊन उभी होती. इसिडोरने डावीकडे जोर लावला. बत्तीस वर्षं न वळलेली चाकं, गवत भरलेले टायर, सगळं वजन उतारावर. आतून कट् असा आवाज आला. तो आवाज काय आहे हे तिथे एकट्या मला माहीत होतं.

स्टिअरिंग मोकळं झालं. इसिडोर ते डावीकडे फिरवत राहिला, एक फेरा, दुसरा, तिसरा, रहाट ओढावा तसा, आणि मोटार सरळ जात राहिली. वेग फार नव्हता. माणसाच्या चालीएवढाच. दोरवाले मागे ओढत होते, कुणाचे तळवे सोलले. सगळ्यांना सगळं नीट बघता येईल इतक्या सावकाश ती विहिरीच्या कठड्यावर गेली. पुढचा आस मोडला आणि ती गुडघ्यावर बसावी तशी बसली. माणसाला कुणाला लागलं नाही.

बँड थांबला. इसिडोरचे हात अजून फिरवतच होते.

अर्बन वाईट माणूस नाही. त्याला ती शांतता सहन झाली नसावी. तो म्हणाला, "काय ड्रायव्हर? बत्तीस वर्षं अशीच चालवलीस काय?"

दोघंचौघं हसले. इसिडोरने स्टिअरिंग सोडलं.

"चालवली नाय रे," तो म्हणाला. "धुतली."

मग कुणी हसलं नाही. मॉनिकाबाईने पेंढी डोक्यावर घेतली आणि चर्चच्या दिशेने चालू लागली. गाव तिच्या मागून गेलं. अर्बनने जाताना टोपी काढून हातात घेतली होती. इसिडोर उतरला आणि वर बंगल्याकडे निघाला, एकटाच. मी त्याच्या मागे गेलो नाही.

सोमवारी भंगारवाला विहिरीपाशीच मोटार कापायला आला. मी माझी हत्यारं घेऊन गेलो. पिन कशी मोडली ते बघावं, एवढाच हेतू होता. इसिडोरचं जुडगं सीटवर पंच्यात पडलेलं होतं. भंगारवाल्याला म्हटलं, अर्धा तास दे. चार स्क्रूंना रॉकेल सोडलं. ते निघाले.

आत एकही वायर नव्हती. आत एक पोलादी खिटी होती, तिच्यामागे स्प्रिंग, आणि दांड्याच्या डोक्यावर एक खाच. तेलात बुडवून ठेवल्यासारखं सगळं नवं कोरं. माझं भोक खाचेच्या बोटभर खालून गेलं होतं, तेवढीच एक जखम. मी किल्ली फिरवली. खिटी सुटली, पण खाच तिच्यासमोर नव्हती, म्हणून ती दांड्यावर टेकून राहिली. मी स्टिअरिंग सावकाश फिरवू लागलो. पाव फेरा. अर्धा. पूर्ण फेरा होत आला तेव्हा खट् झालं, खिटी खाचेत बसली आणि स्टिअरिंग माझ्या हातात घट्ट झालं.

काहीच तुटलेलं नव्हतं. मोटारीला कुलूप होतं. चोराने आत बसून कितीही फिरवावं, नुसतं फिरत राहावं, असं कुलूप. सेठने शेवटच्या दिवशी ते लावलं आणि तो गेला. उघडायचं म्हणजे किल्ली फिरवायची, ती तशीच राहू द्यायची आणि चाकाचा एक पूर्ण फेरा घ्यायचा. इसिडोरने ते रोज पाहिलं होतं. मला करूनही दाखवलं होतं, थाळी हातात घेऊन.

भंगारवाला म्हणाला, "झालं का, काका?" मी म्हटलं, एवढा गट्टू तेवढा कापून दे.

बंगला पडला, त्याबरोबर मागची खोलीही गेली. इसिडोर आणि मॉनिकाबाई मनोरीला तिच्या भावाच्या घरी राहायला गेली. गट्टू माझ्या पडवीत तीन महिने वर्तमानपत्रात गुंडाळून पडला होता. कधी वाटायचं, त्याला दाखवावा. त्याला कळायला हवं की चूक त्याची नव्हती. मग वाटायचं, दाखवला तर त्याला उलटंच कळेल, की उपाय रोज त्याच्या डोळ्यांसमोर होता. रुक्मिणी म्हणाली, "फेका तो एकदाचो." मी फेकला नाही.

फेब्रुवारीत इसिडोर गेला. झोपेतच गेला, असं कळलं. मी मातीला पोचलो नाही, मला उशिरा समजलं. पुढे मॉनिकाबाई भेटली तेव्हा मी चाचरत म्हणालो की तो ड्रायव्हर नव्हता हे तुम्हाला त्या दिवशीच... ती म्हणाली, "मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं होतं. हाताला साबणाचा वास यायचा त्याच्या. पेट्रोलचा कधी आला नाही." ती पुढे म्हणाली, "मी बोलले असते तर तो शब्द देऊन बसला नसता." म्हणजे ती पण माझ्यासारखीच.

तो जायच्या आधी, जानेवारीत मात्र मी एकदा मनोरीला गेलो होतो. गट्टू पिशवीत घेऊन, मार्व्याहून होडीने. इसिडोर अंगणात जाळ्याला ठिगळ लावत बसला होता. ते काम त्याला येत नव्हतं, दिसतच होतं. खाकी टोपी डोक्यावर नव्हती. तो वाळला होता. मॉनिकाबाईने चहा दिला. आम्ही मनोरीतल्या विहिरीचं पाणी, यंदाची थंडी, माझा गुडघा, असं बोललो. चार वेळा माझा हात पिशवीत गेला आणि चार वेळा रिकामा बाहेर आला. त्याने मोटारीचं नाव काढलं नाही. चहा संपल्यावर त्याने बशी उचलली आणि नकळत बोटांनी ती कडेने थोडी फिरवली. मग खाली ठेवली.

तो मला धक्क्यापर्यंत सोडायला आला. होडी लागलेली होती. पिशवी चढवताना त्याने हात दिला.

"काय रे एवढं जड?"

"काही नाही. भंगार आहे."

"मार्व्याहून बस आहे काय आता?"

"सहाची आहे."

"मग होडीत पुढे जाऊन बस. मागे पाणी उडतं."